दादाच्या उजव्या हाताची केस हिस्टरी

मानसशास्त्राचे संप्रदाय मला अजूनही तोंडपाठ आहेत. रचनावाद, कार्यवाद, वर्तनवाद, समष्टिवाद, मनोविश्लेषण. कोणाचं कोणाशी का पटलं नाही, कोणी कोणाला खोडून काढलं, सगळं घडाघडा म्हणून दाखवते, या कधीही. त्या विद्येचा उपयोग मी आयुष्यात एकदाच केला आणि तोही सख्ख्या भावावर. तेव्हापासून कुणी "माणसाचं मन समजून घेतलं पाहिजे" असं गंभीर चेहऱ्यानं बोलायला लागलं की माझं डोकंच सणकतं. डोंबल समजून घेणार!

सत्तर सालानंतरची ती तीन-चार वर्षं. काळेवाडीत पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. दादा, वहिनी, त्यांची लहान लेक आणि मी. दादा नदीपलीकडे पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होता. त्याच कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी टायपिस्ट. ही नोकरी त्यानंच साहेबांच्या मागे लागून लागून मला लावली होती. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. रविवारी विहारात वंदना झाली की दादा भेटेल त्याला सांगायचा, "ही आमची बहीन. मानसशास्त्र करती." ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, दादालाही कळायचं नाही, पण त्याची छाती अशी फुगायची की बघत राहावं. मी बाहेरून बी.ए. करत होते. पुस्तकं जुन्या बाजारातली, आधी कुणीतरी वापरलेली, समासात त्याच्याच खुणा असलेली.

खात्यात पत्रं टाईप करायची, फायली लावायच्या, आणि अप्रेंटिसांची भरती असली की पोरांना लाकडी ठोकळे जुळवायला देऊन घड्याळ धरून बसायचं, हे माझं काम. त्याला कंपनीत सगळे 'सायको टेस्ट' म्हणत. ठोकळ्यांशी झटापट करणाऱ्या त्या पोरांकडे बघताना मला खरंच वाटायचं की यांच्या डोक्यातलं मला दिसतंय. वय बावीस. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

आता प्रेसबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रेसला दोन टोकांना दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्रा कापला जातो. हेतू हा की ठोकळा येताना एकही हात खाली राहू नये. पण असं दोन हातांनी दाबत बसलं तर दिवसाचा कोटा पुरा होत नाही. म्हणून सगळे एका बटणात लाकडाची पाचर मारून ते दाबलेलंच ठेवायचे. मग एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवायला मोकळा. फोरमनला ठाऊक, फोरमनच्या वरच्याला ठाऊक. सेफ्टीवाला साहेब फेरीला निघाला की कुणीतरी शीळ घालायचा आणि सगळ्यांच्या पाचरी खिशात जायच्या. साहेब पुढे गेला की पुन्हा बटणात.

दादाच्या शेजारच्या प्रेसवर त्याचा जोडीदार होता. कुरुळीहून सायकल मारत यायचा, प्रेसवर नवीन होता. एका दुपारी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. दादानंच त्याला उचलून बाहेर आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा चहाचा कप उचलायला गेला आणि त्याचा उजवा हात काही केल्या उठेना.

उठेना म्हणजे कोपरापर्यंत सगळं ठीक. मनगटापासून खाली हात मेलेला. वहिनीनं गरम उलथनं जवळ नेलं तरी त्याला कळायचं नाही. कामगार विम्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं दाबलं, टोचलं, फोटो काढला. म्हणाला, हाड ठीक, नस ठीक, कामावर जा. फोरमन म्हणाला, नाटक. आणि आमचे पर्सोनेल साहेब म्हणाले, एक महिना थांबू. एका महिन्यात हा माणूस प्रेसवर उभा राहिला नाही तर मला कागद काढावा लागेल.

दादाचं म्हणणं एवढंच होतं की हात येईपर्यंत मला स्टोअरच्या खिडकीवर बसवा, डाव्या हातानं पावत्या देतो. म्हणजे महिनाभरात हात तरी हलला पाहिजे, नाहीतर साहेबांनी हलकं काम तरी दिलं पाहिजे. या दोन्हींतलं काही झालं नाही तर पर्मनंट नोकरी गेली. एवढा सरळ हिशोब होता तो.

आणि मला, अगदी खरं सांगते, मला आनंद झाला होता. हो, आनंद! माझ्या पुस्तकात हे लिहिलेलं होतं. शरीरातल्या नसा अशा मनगटाला कापल्यासारख्या थांबत नाहीत. हातमोजा घालतो तेवढाच भाग मेला असेल तर दुखणं हातात नाही, मनात आहे. ते पान मी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हंजे मी येडा झालो का गं?" मी म्हटलं, "तसं नाही रे." आणि तेच पान पुन्हा वाचून दाखवलं.

पुस्तकात पहिला धडा रचनावादाचा, म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात केली. शिस्तीची विद्यार्थिनी ना! अंतर्निरीक्षण करायचं, म्हणजे मनात जे जाणवतं ते जसंच्या तसं सांगायचं. दादाला उंबऱ्यात बसवून विचारलं, "हाताकडे लक्ष दे आणि काय वाटतं ते सांग."

"काय वाटनार? दुसऱ्या कुनाचा हात माझ्या मांडीवर ठिवल्यावानी वाटतंय."

"दुसऱ्या कुणाचा?"

त्यानं डाव्या हातानं तो हात मांडीवरून खाली ठेवला. मी वहीत लिहिलं, 'परकेपणाची संवेदना', आणि पान उलटलं. त्या 'कुणाचा' या प्रश्नाशी मी तिथंच थांबले असते तर. पण तो प्रश्न त्या धड्यात बसत नव्हता.

पुढे वर्तनवादाकडे वळले. मधला कार्यवाद मी अर्ध्यावर सोडला होता, कारण त्यात विचारलेलं असायचं की अमुक वागण्याचा माणसाला उपयोग काय. मी विचार केला, या मेलेल्या हाताचा दादाला उपयोग काय? प्रेसपासून वाचवतो. अगं बाई, म्हणजे हे फोरमनचंच बोलणं की, फक्त छापील भाषेत! मी ते पान गपकन मिटलं.

वर्तनवाद मात्र मला फार आवडायचा. त्यात मन वगैरे भानगडच नाही. घंटा वाजवा, खायला द्या, पुढे नुसत्या घंटेनं कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आमच्याकडे घंटेच्या जागी कारखान्याचा भोंगा होता. नदीपलीकडून भोंगा ऐकू आला की दादाचा डावा हात आपोआप उजव्याचं मनगट धरायचा, हे मी टिपलं होतं. तेव्हा मी ठरवलं, भोंगा आणि भीती यांची जोडी मोडायची. भोंग्याच्या वेळी दादाच्या मांडीवर लेक द्यायची आणि समोर गरम भजी. वहिनीला आधी हे पटेना, पण नवऱ्याचा हात येतो म्हटल्यावर ती बिचारी रोज बेसन कालवायला लागली. शेजारणी हसायच्या. आठ दिवसांनी फरक पडला तो असा की भोंगा झाला की दादाला भज्यांची आठवण व्हायची. हात तसाच.

"मास्तरीणबाई, तुमच्या कुत्र्याचं शेपूट हललं बरं का," दादा म्हणायचा आणि डाव्या हातानं भजं तोंडात टाकायचा. त्या महिन्यातलं तेवढंच हसणं. तोपर्यंत महिन्यातले वीस दिवस संपले होते.

मग एका रविवारी दुपारी वहिनी धुणं घेऊन लेकीसकट नदीवर गेली तेव्हा मी दादाला बाजेवर आडवं व्हायला सांगितलं. मी त्याच्या डोक्यामागे स्टूल घेऊन बसले, त्याला माझा चेहरा दिसू नये म्हणून. मनोविश्लेषणात असंच बसायचं असतं.

"मागं का बसलीस गं, भुतावानी?"

"बस्स, तू बोल. मनात येईल ते बोल. काहीच लपवायचं नाही."

आधी तो गावाकडचं काहीबाही बोलत राहिला. विहिरीत पोहायला शिकलेला ते, बापाची शेळी हरवली होती ते. मी कंटाळून वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारत होते. मग एकदम तो थांबला आणि छपराच्या पत्र्याकडे बघत म्हणाला, "पाचर मी मारली व्हती."

"कोणती?"

"त्याच्या बटनात. त्याला कुठं येत व्हतं! दोन्ही हातानं दाबत बसायचा, कोटा व्हायचा न्हाई, फोरमन आईबहीन काढायचा. मला बघवंना. मी माझ्या हातानं पाचर तासली, माझ्या हातानं मारली. म्हनलं, बघ भावा, आता तुझा ह्यो हात मोकळा राहतो. त्योच हात गेला त्याचा."

आणि दादा रडायला लागला. बाप गेला तेव्हाही मी त्याला असा रडताना पाहिला नव्हता. डावा हात तोंडावर घेतलेला, उजवा बाजेवर पडलेला.

"कुनाला बोलू नगंस, बाय. त्याला बी ठावं न्हाई मी कशी ढिली मारली व्हती ती, मधीच सुटायची, मधीच पुन्ना बसायची. कुनाला बोलू नगंस."

"नाही रे बोलणार," मी म्हटलं. आणि म्हणताना माझी पेन्सिल चालू होती. भाऊ रडत होता आणि मी मागे बसून लिहून घेत होते! अपराधाची जाणीव, तिचं दमन, जो हात दोषी तोच हात बधिर. सगळं पुस्तकाबरहुकूम. अंगावर काटा आला होता माझ्या, आणि लाज वाटते सांगायला, तो काटा दुःखाचा नव्हता.

त्या पुस्तकाच्या शेवटी मानवतावाद म्हणून दीड पानांचा धडा होता. समोरच्याचं मनापासून ऐकून घ्यावं, त्याला माणूस म्हणून जपावं, असलं काहीतरी. परीक्षेला येत नाही म्हणून मी तो वाचायचा सोडला होता.

दोनच दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. खुर्ची दिली. टायपिस्टला खुर्ची! म्हणाले, "बाई, तुम्ही मानसशास्त्र शिकता ना? तुमच्या भावाचं प्रकरण मला मिटवायचं आहे. हे नाटक नाही असं मला वर पटवून द्यावं लागेल. तुम्ही एक रिपोर्ट द्या. काय झालं, कशामुळे झालं, सगळं शास्त्रशुद्ध लिहा. मग हलक्या कामाचं मी बघतो."

मी घरी येऊन विचार केला. विचार कसला, स्वतःलाच गुंडाळलं. नाटक नाही हे दाखवायचं तर कारण सांगायला हवं. कारण म्हणजे पाचर. ती वगळली तर रिपोर्टमध्ये उरतंच काय? आणि साहेबाला सांगणं म्हणजे काही कुणाला सांगणं नव्हे, डॉक्टरला सांगितल्यासारखंच ते. रुग्णानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर नेऊ नये, हे वाक्य माझ्या पुस्तकात होतं. त्याच्याखाली आधीच्या मालकानं लाल रेघसुद्धा मारली होती. पण मला माझा रिपोर्ट दिसत होता. चार पानं टाईप केली, एकही खाडाखोड नाही. शेवटी निदान, त्याखाली माझं नाव आणि 'बी.ए., अंतिम वर्ष'. दादाला म्हटलं, "मी साहेबांना तुझ्याबद्दल लिहून दिलंय, स्टोअरचं काम मिळेल." तो म्हणाला, "काय लिहिलंस?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं, शास्त्रातलं आहे."

तिसऱ्या दिवशी साहेबांनी टाईप करायला एक मसुदा पाठवला. दादाच्या नावानं आरोपपत्र. सुरक्षेच्या साधनात मुद्दाम बिघाड करून सहकाऱ्याच्या अपघातास कारण होणे. आणि पुराव्यात अवतरण चिन्हांत माझं वाक्य: 'पाचर मी माझ्या हातानं मारली.' खात्यात टायपिस्ट मी एकटी. तीन कार्बन लावून ते मीच टाईप केलं.

समष्टिवादात एक गोष्ट शिकवतात की सुटे भाग बघून चालत नाही, सगळं चित्र एकदम बघावं लागतं. माझ्यासमोर काय नव्हतं? साहेबांची खुर्ची होती, बोटं गेलेल्या माणसाची भरपाईची फाईल माझ्याच कपाटात होती, अपघात कुणाच्या तरी माथी मारायची कंपनीला घाई झाली होती, तीही पत्रं मीच टाईप केली होती. पोरांनी ठोकळे जुळवायला उशीर लावला की मी गुण कापायचे. माझे कोण कापणार?

घरी जाऊन मी दादाला सगळं सांगितलं. वहिनी भाकरी थापत होती, तिनं पीठ परातीत आपटलं. "ताई, आग लागो तुमच्या पुस्तकाला! आमच्या मुळावर आलात हो!" दादानं मला एकच विचारलं, "समदं लिहिलंस?" मी मान हलवली.  मग वहिनीला म्हणाला, "वरडू नको तिच्यावर. तिला वाटलं बरं व्हईल."

युनियनचा माणूस येऊन गेला. त्याचं म्हणणं अगदी सोपं होतं. "राव, त्या जोडीदाराशिवाय कुणी पाहिलंय का तुला पाचर मारताना? नाही ना? आणि पाचर होती म्हटलं तर भरपाई अडते, तो कशाला बोलेल! मग चौकशीत सरळ सांग, मी असं काही बोललोच नाही, बहिणीनं परीक्षेसाठी मनानं रचलं. तुझी नोकरी वाचली." मी म्हटलं, "दादा, असंच सांग. माझं काय व्हायचं ते होऊ दे." खोटा रिपोर्ट दिला म्हणून मला काढतील हे सगळ्यांनाच कळत होतं. पण दादाची नोकरी पर्मनंट, माझी कच्ची. मी हात जोडले त्याच्यापुढे.

चौकशी साहेबांच्या केबिनमध्ये झाली. एका बाजूला साहेब आणि फोरमन, दुसऱ्या बाजूला दादा आणि युनियनचा माणूस. मी कोपऱ्यात टंकयंत्रापाशी, कारण जबाब टाईप करायला दुसरं होतं कोण? दादानं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. उजवा हात त्यानं डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवला.

साहेबांनी माझं वाक्य वाचून दाखवलं. "हे तुम्ही बोललात?"

मी टंकयंत्रावर बोटं ठेवून वाट बघत होते. नाही म्हण, दादा. नाही म्हण रे.

"बोललो," दादा म्हणाला. युनियनच्या माणसानं त्याचा शर्ट ओढला. दादानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खरं हाय ते. पाचर मीच मारली. आमची बहीन खोटं लिहीत न्हाई."

खोलीत थोडा वेळ माझ्याच यंत्राचा आवाज होता. जबाब संपला, मी कागद काढून टेबलावर नेऊन ठेवला. साहेबांनी पेन पुढे केलं. दादानं ते घेतलं आणि सही केली.

उजव्या हातानं.

त्याचं त्यालाही कळलं नाही. सही पुरी झाली, शेवटची रेघसुद्धा ओढून झाली, आणि मग तो हाताकडे बघायला लागला. मी बघत होते. सगळेच बघत होते. बोटं पेनाभोवती घट्ट मिटलेली, जिवंत.

फोरमन मोठ्यानं हसला. "बघा साहेब! मी म्हणत नव्हतो, नाटक आहे म्हणून?"

मी म्हटलं, "नाही हो साहेब, असंच होतं! कबूल केलं की मोकळं होतं, माझ्या रिपोर्टात आहे, तिसऱ्या पानावर—" साहेबांनी हात वर केला. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, बसा. खाली आणखी एक ओळ घ्या. कामगाराने उजव्या हाताने, विनासायास सही केली."

मी बसले आणि घेतली. विनासायास. बोट एकाही अक्षराला चुकलं नाही.

दादाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. बोटं गेलेल्या जोडीदाराची भरपाई दादाच्या त्या जबाबामुळे लटकली, आणि त्यानं दादाचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. पुढे वर्षानुवर्षं दादा चाकणच्या बाजूला कुठं कुठं वॉचमन म्हणून राहिला. घर माझ्या टायपिंगवर चालायचं. त्याच खात्यात, त्याच यंत्रावर. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलायची, आणि बरोबरच होतं तिचं.

पण चौकशीच्या त्या दिवशी आम्ही दोघं पवनेच्या पुलावरून चालत घरी येत होतो. दादा सारखा मूठ उघडायचा, मिटायचा. एक खडा उचलून त्यानं पाण्यात भिरकावला, लांब. मग माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, माझं!

"आला बघ गं बाय. तुझ्या पुस्तकात लिहिलंय तसंच झालं की! तू हुशारच हायस. पेपरात लिही हां हे."

मी लिहिलं. मानसशास्त्राच्या प्रमुख संप्रदायांची सोदाहरण चर्चा करा, असाच प्रश्न आला होता. मनोविश्लेषणाखाली मी एका कामगाराचं उदाहरण दिलं. अपराधाच्या जाणिवेनं त्याचा उजवा हात बधिर झाला होता आणि कबुली देताच तो पूर्ववत झाला. मार्क चांगले पडले. त्याच्या नोकरीचं काय झालं, ते प्रश्नात विचारलेलं नव्हतं.